चौथ्या लेव्हलला न उघडणारी छत्री

"आपल्याकडे तो गेमच नाहीये," मी म्हणाले.

क्रेगने लॅपटॉपमधून डोकं वर काढलं नाही. "नाहीये म्हणजे काय?"

"नाहीये म्हणजे नाहीये. सोर्स कोड नाही, बॅकअप नाही, टेप नाही. ओसाकाहून पार्सल आलंय, त्यात एक सर्किट बोर्ड आहे. तो कोरा आहे."

"वैशाली, इट्स अवर गेम. आपण बनवलाय तो."

हे "आपण" मला फार आवडलं. तो गेम बनला तेव्हा क्रेग दुसरी-तिसरीत असेल. आमच्याकडे व्हाइस प्रेसिडेंट म्हणून येण्याआधी तो सकाळच्या नाश्त्याची सीरियल्स विकायचा. व्हिडिओ गेम त्याने शेवटचा कधी खेळला होता, हे विचारायची ऑफिसात कुणाची हिंमत नव्हती.

ही २००५ च्या आसपासची गोष्ट. सिएटलजवळ बॉथेलला एका जपानी व्हिडिओ गेम कंपनीचं अमेरिकन ऑफिस होतं. तिथे मी इंजिनिअर होते. कंपनीचं नाव सांगत नाही. ती जिवंत आहे आणि तिच्याकडे वकील भरपूर आहेत.

कंपनीचा इतिहास थोडक्यात असा. आधी डिपार्टमेंट स्टोअरच्या गच्चीवर लहान मुलांना डोलवणारे नाणं टाकायचे घोडे बनवले. मग कपाटाएवढ्या आर्केड मशीन बनवल्या, म्हणजे पुन्हा नाणं टाका आणि उभ्याने खेळा. त्यात पैसा मिळाला. तो स्वतःचा कन्सोल काढण्यात घालवला. कन्सोल आपटला. आणि आता नवीन काही सुचेना, म्हणून जुने आर्केड गेम एका डिस्कवर घालून विकायचे ठरले होते. घराणं खालावलं की माणसं आजोबांच्या पराक्रमाबद्दल बोलायला लागतात. कंपन्यांचंही तेच. क्रेगने या डिस्कला नाव दिलं होतं, "हेरिटेज कलेक्शन".

त्यातला मुख्य गेम मी इथे "छत्रीवाली" म्हणून सांगते. एक मुलगी छत्री उघडून या छपरावरून त्या छपरावर तरंगत जाते. कावळे तिला पाडायला बघतात. खेळ एवढाच, पण फार गोड. त्याच्या जिवावर कंपनीने कित्येक वर्षं पोट भरलं होतं.

हे काम माझ्याकडे आलं, कारण त्या जुन्या मशीन आठ-बिटच्या प्रोसेसरवर चालायच्या आणि त्या प्रोसेसरची भाषा ऑफिसात मला एकटीलाच येत होती. बरोबरच्या अमेरिकन पोरांना ती म्युझियममधली वाटायची. आम्हाला नागपूरला कॉलेजात तीच शिकवली होती, कारण लॅबमध्ये दुसरं काही नव्हतं. पुढे पुण्यात मी वजनकाट्यांचे प्रोग्रॅम त्याच भाषेत लिहिले. आता मला एक एम्युलेटर लिहायचा होता. एम्युलेटर म्हणजे आजच्या कन्सोलला जुन्या मशीनचं सोंग घ्यायला लावणारा प्रोग्रॅम. सोंग मी आणू शकत होते. पण त्या सोंगाच्या आत चालवायला मूळ गेम तर हवा!

बोर्ड कोरा का होता, तेही सांगते. त्या काळी गेम ज्या चिप्समध्ये भरायचे, त्यांच्या पाठीवर काचेची छोटी खिडकी असायची. तिच्यातून अल्ट्राव्हायलेट प्रकाश आत गेला की चिप पुसली जाते. चिप पुन्हा वापरता यावी म्हणून ही सोय. त्यामुळे गेम भरला की खिडकीवर स्टिकर चिकटवायचं, ही यातली बालवाडी. ओसाकाच्या हेड ऑफिसात शिल्लक राहिलेला एकमेव बोर्ड लॉबीत काचेच्या कपाटात मांडला होता. मांडताना कुणा पब्लिक रिलेशन्सवाल्याला ती स्टिकर्स मळकी दिसली. त्याने ती खरवडून काढली आणि खिडक्या चकचकीत पुसल्या. मग कित्येक वर्षं दक्षिणेकडच्या खिडकीचं ऊन त्यावर पडत राहिलं. आल्यागेल्याला "हा आमचा वारसा" म्हणून जो बोर्ड दाखवत होते, तो दाखवता दाखवताच पुसला गेला.

"मग इंटरनेटवरून घे," क्रेग म्हणाला. "तिथे सगळं असतं."

"तिथे आहे. पण ती कॉपी आपल्या लीगल डिपार्टमेंटच्या मते चोरीची आहे. ती ठेवणाऱ्या वेबसाइट्सना आपण नोटिसा पाठवतो."

"आपलीच वस्तू आपण परत घेतली तर चोरी कशी?"

या एका बाबतीत त्याचं बरोबर होतं. मी ती उतरवून पाहिली. ती मूळ गेमची नव्हे, तैवानी की कुठल्या नक्कल करणाऱ्यांनी बनवलेल्या डुप्लिकेटची कॉपी निघाली. तीन लेव्हल नीट चालायच्या. चौथीला मुलगी उडी मारायची आणि छत्री उघडायचीच नाही. दर वेळी सरळ खाली. इंटरनेटवर जिथे जिथे "छत्रीवाली" होती, तिथे तिथे ती चौथीत पडत होती.

अस्सल बोर्ड शोधायला मला फार फिरावं लागलं नाही. ओहायोतल्या डब्लिनला डॉ. हॅलोरन म्हणून एक डेंटिस्ट होते. त्यांच्या बेसमेंटमध्ये चाळीसेक आर्केड मशीन होत्या. जुन्या मशीनचे फोटो आणि सर्किटची ड्रॉइंग्ज त्यांनी स्वतःच्या वेबसाइटवर लावली होती. त्याबद्दल आमच्याच कंपनीने त्यांना कायदेशीर नोटीस पाठवली होती.

क्रेगने त्यांना फोन केला. अर्ध्या मिनिटात तो परत आला. "ही हंग अप ऑन मी. वैशाली, तू जा. तू लोकांशी छान बोलतेस." हे त्याला आजवर कधी दिसलं नव्हतं. माझ्याबरोबर ओकुदा-सान येणार होते.

ओकुदा-सान (सान म्हणजे जपानी 'साहेब') हे ओसाकाने बॉथेलला पाठवलेले प्रोड्युसर. रिटायरमेंटला आलेले. मीटिंगमध्ये टेबलाच्या टोकाला बसायचे, ऐकायचे आणि बोलायचे नाहीत. क्रेग त्यांना तोंडावर "ओकी" म्हणायचा आणि त्यांना इंग्लिश कमी येतं असं समजायचा. विमानात माझ्या लक्षात आलं की त्यांचं इंग्लिश उत्तम होतं. क्रेगशी बोलण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं, एवढंच.

डॉ. हॅलोरन हे गृहस्थही काही साधुपुरुष नव्हते. दारातच त्यांनी आम्हाला पायांत चढवायला कापडी पिशव्या दिल्या. पहिला तास त्यांनी आपल्या कलेक्शनवर भाषण दिलं. मशीनला हात लावू दिला नाही. मधूनच माझ्याकडे वळून विचारलं, "तुमच्याकडे इंडियात आर्केड होते का हो, की वीजच नव्हती?"

"वीज होती," मी म्हणाले. "बहुतेक दिवस."

शेवटी त्यांनी अट सांगितली. "मला पैसे नकोत. ज्याच्या डिपार्टमेंटमधून नोटीस आली, त्याने सॉरी म्हणायचं. माझ्या कानांनी ऐकायचंय."

नोटिसा वकील लिहायचे, पण कुणाला पाठवायच्या ते क्रेगचं डिपार्टमेंट ठरवायचं. मी स्पीकरवर फोन लावला. क्रेग म्हणाला, "डॉक्टर, तुम्हाला तसं वाटलं असेल तर त्याबद्दल आम्हाला खेद आहे."

"मला वाटलं नाही. तुम्ही पाठवलीत," डॉक्टर म्हणाले. "पुन्हा म्हणा."

"झालेल्या गैरसमजाबद्दल..."

"गैरसमज नव्हता. पुन्हा."

तिसऱ्या वेळीही क्रेगच्या तोंडून ते साधं दोन अक्षरी सॉरी बाहेर पडेना. एवढा मोठा पगार घेणारा माणूस, पण घशात काटा अडकल्यासारखा नुसता आवाज करत होता. मग ओकुदा-सान उठले. त्या बेसमेंटमध्ये, पायांत त्या कापडी पिशव्या घालून, ते कमरेत वाकले आणि म्हणाले, "आमची चूक झाली. माफ करा." आणि वाकलेलेच राहिले. डॉक्टर गडबडले. त्यांना भांडायचं होतं, आणि समोर भांडायला कुणी उरलं नव्हतं. "इट्स ओके, इट्स ओके," म्हणत त्यांनीच ओकुदा-सानना सरळ केलं आणि "छत्रीवाली"च्या मशीनचं मागचं दार उघडलं.

चिप्सवरची स्टिकर्स शाबूत होती. मी एकेक चिप काढून रीडरला लावली, आतला गेम माझ्या लॅपटॉपवर उतरवून घेतला आणि चिप्स जागेवर बसवल्या. मशीन चालू झालं. डॉक्टरांनी जीव भांड्यात पडल्यासारखा श्वास सोडला.

"मी खेळू?" ओकुदा-साननी विचारलं.

पण ते खेळले नाहीत. सुरुवातीच्याच स्क्रीनवर त्यांनी जॉयस्टिकचा दांडा काही ठरावीक क्रमाने हलवला आणि बटण दाबून धरलं. स्क्रीन काळी झाली. मग मधोमध जपानी अक्षरांची एक ओळ उमटली. डॉक्टर पुढे झाले. इतकी वर्षं मशीन घरात असून त्यांनी ती कधी पाहिली नव्हती, आणि ते त्यांना सोसत नव्हतं.

"काय लिहिलंय?" मी विचारलं.

"'ही छत्री हिराताने बनवली.'" ओकुदा-साननी वाचून दाखवलं. "हिराता माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. मी गेम बनवण्यात नवीन होतो. कावळे मी काढले. बाकी सगळं त्याचं."

त्या काळी जपानी कंपन्या गेममध्ये बनवणाऱ्याचं नाव घालू देत नसत. नाव कळलं तर दुसरी कंपनी माणूस पळवेल, ही भीती. कुणी टोपणनाव घालायचे, कुणी तेही नाही. हिराताने अध्यक्षांकडे जाऊन नाव मागितलं. अध्यक्ष म्हणाले, गेम माणसं बनवत नाहीत, कंपनी बनवते. हिराताने मान हलवली, टेबलावर येऊन बसला आणि नाव आत लपवून ठेवलं. वर्षभरात नोकरी सोडून गेला.

"पण आपल्या वेबसाइटवर तर..." मी म्हणाले. कंपनीच्या अधिकृत इतिहासात लिहिलं होतं की पावसात छत्री घेऊन उड्या मारणारी आपली छोटी मुलगी पाहून अध्यक्षांना हा गेम सुचला.

"अध्यक्षांना तीन मुलगे होते," ओकुदा-सान म्हणाले.

बॉथेलला परत आले. एम्युलेटरमध्ये गेम बसवला. चौथी लेव्हल पार झाली, पुढच्याही झाल्या. नियमाप्रमाणे लपवलेल्या ओळीची माहिती रिपोर्टमध्ये लिहिली. लीगलचं उत्तर जेवणाच्या आत आलं. नाव काढून टाका. हा हिराता कोण, उद्या तो हक्क सांगेल, अध्यक्षांच्या कहाणीशी विसंगत दिसेल, वगैरे.

"त्यानेच बनवलाय," मी क्रेगला म्हणाले. "त्याचं नाव राहायला हवं. हेरिटेज म्हणतोय ना आपण?"

"हेरिटेज हा ब्रँड आहे, वैशाली," क्रेग शांतपणे म्हणाला. "डिलीट कर."

घरी नवऱ्याला सांगितलं. समीर म्हणाला, "यार, ग्रीन कार्डचं फाइलिंग चालू आहे. कुणा हिरातासाठी पंगा घेऊ नकोस."

"पंगा नाही घेत. पण राग येतोय."

"राग घरी येऊ दे. ऑफिसात डिलीट कर."

समीरचं चुकलं नव्हतं. माझा व्हिसा नोकरीला बांधलेला होता; ती गेली की देशातूनच बस्तान हलवायची वेळ यायची. मी नावाच्या जागी रिकाम्या जागा भरल्या आणि गेम सुरू केला. तीन लेव्हल झाल्या. चौथीला मुलीने उडी मारली. छत्री उघडली नाही.

मी पुन्हा खेळले. पुन्हा पडली. मग मी कोड वाचायला बसले आणि वाचता वाचता एकटीच हसायला लागले.

कॉम्प्युटरच्या आत प्रत्येक अक्षर म्हणजे एक आकडा असतो. हिराताने आपल्या ओळीतल्या अक्षरांचे आकडे एकमेकांत मिळवून एक उत्तर काढलं होतं. चौथ्या लेव्हलपासून छत्री उघडायची की नाही, हे गेम त्या उत्तराला विचारून ठरवत होता. अक्षरं बदलली की उत्तर चुकतं, उत्तर चुकलं की छत्री मिटलेलीच. त्या नक्कल करणाऱ्यांच्या कॉपीतही हेच झालं होतं. त्यांनी चोरलेल्या गेममध्ये हिराताच्या नावावर स्वतःचं नाव टाकलं होतं. म्हणजे चोरांनी जे केलं, तेच आता आमचे वकील करायला सांगत होते. फरक एवढाच की चोरांनी निदान काही लिहिलं तरी होतं.

मीटिंग घेतली. क्रेग, मी, टेबलाच्या टोकाला ओकुदा-सान. मी चौथी लेव्हल दाखवली. मुलगी पडली.

"फिक्स करता येईल?" क्रेग.

"येईल. ही तपासणी उडवता येईल. पण मला एक सापडलीये म्हणून एकच आहे असं नाही. या माणसाने आणखी कुठे कुठे काय ठेवलंय ते शोधायचं, मग टेस्टिंगला सगळ्या लेव्हल पहिल्यापासून खेळायला द्यायच्या. ख्रिसमसची रिलीझ डेट हुकेल."

यात एक शब्दही खोटा नव्हता. न्यायाच्या गोष्टी ऐकताना ज्याचा चेहरा हलला नव्हता, तो क्रेग आता पांढरा पडला. "डेट हुकेल म्हणजे? स्टोअर्सना आपण शब्द दिलाय!"

"मग नाव राहू दे. नाव राहिलं तर डेट राहते."

"पण लीगल... ओसाका..." तो पहिल्यांदाच टेबलाच्या टोकाकडे वळला. "ओकी, तू बोलशील त्यांच्याशी?"

ओकुदा-साननी तिथूनच ओसाकाला फोन लावला. बराच वेळ जपानी भाषेत चाललं होतं. एकदा पलीकडून कुणीतरी मोठ्याने बोललं. ओकुदा-साननी एकच वाक्य उच्चारलं. मग त्यांनी फोन ठेवला.

"नाव राहील," ते म्हणाले.

क्रेग घड्याळाकडे बघत पळाला. बाहेर कॉफी घेताना मी विचारलं, "शेवटी काय म्हणालात?"

"अध्यक्ष स्वतः लाइनवर होते. मी सांगितलं, हिराताचं नाव काढलं तर आपली मुलगी पडते." त्यांनी कॉफीत साखर घातली. "मुलगी त्यांचीच आहे असं त्यांनी इतकी वर्षं सगळ्यांना सांगितलंय. मग तिला पडू द्या, असं कसं म्हणणार?"

डिस्क ख्रिसमसच्या आधी बाजारात आली. चांगली खपली. लपवलेली ओळ कुणीतरी शोधून काढली आणि गेमिंगच्या वेबसाइट्सवर एकच बोभाटा झाला. दुसऱ्या दिवशी क्रेगने निवेदन काढलं की आमच्या हेरिटेज व्हॉल्टमधलं हे रत्न आम्ही मुद्दाम जपून ठेवलं होतं. व्हॉल्ट म्हणजे काय, तर ओहायोतल्या डेंटिस्टचं बेसमेंट. पुढे एका कॉन्फरन्समध्ये त्याने "जुने गेम कसे जतन करावेत" यावर भाषण दिलं. त्याला प्रमोशन मिळालं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच, फक्त या नागोबाला बीळ कुठे आहे तेही दुसऱ्यांनी दाखवावं लागलं होतं. वेबसाइटवर अध्यक्षांची पावसातली मुलगी होती तशीच राहिली. डॉ. हॅलोरनना काही महिन्यांनी पुन्हा नोटीस गेली. नोटिसांची यादी कुणी बदललीच नव्हती. या वेळी डॉक्टरांनी फोन मला केला आणि पाऊण तास सोडला नाही.

एक डिस्क ओकुदा-साननी हिराताला पाठवली. तो आता नाराजवळ कुठेतरी शाळेच्या मुलांना गणित शिकवतो, असं कळलं. काही आठवड्यांनी त्याचा ओकुदा-सानना फोन आला.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"रागावला होता. सहाव्या लेव्हलला कावळा भिंतीत अडकतो. ती माझी चूक. म्हणाला, एवढी वर्षं मिळाली होती, अजून दुरुस्त का नाही केलीस?"

"बस? नावाबद्दल काहीच नाही?"

"नाही." ओकुदा-सान खूश दिसत होते. "पण सहावी लेव्हल पाहायची तर आधीच्या पाच खेळाव्या लागतात."

मी त्या कंपनीत पुढे आणखी काही वर्षं काढली. ग्रीन कार्ड झालं. क्रेगसारखे आणखी दोन-तीन आले आणि गेले. इतिहास, न्याय, कलावंताचा मान हे शब्द मी मीटिंगमध्ये पुन्हा कधी काढले नाहीत. त्या शब्दांनी तिथे कुणी खुर्चीतल्या खुर्चीत हललेलंही मी पाहिलेलं नाही. डेट हुकेल म्हणावं. सगळे हलतात.